डॉ. लागूंमधला दिग्दर्शक कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. श्रीराम लागूंवरचा तुमचा लेख वाचला, आवडला, पण परत तेच हो, नटसम्राट, बेलवलकर आणि मग हिंदी सिनेमे. नटसम्राट मोठंच आहे, वादच नाही. डिसेंबर 1970 ला आलं तेव्हा माझे वडील दोनदा बघून आले आणि शेवटपर्यंत त्याबद्दल बोलत राहिले. पण ते बसवलं होतं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. डॉक्टरांनी स्वतः त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं, हे किती जणांना माहितीय?

कान-नाक-घशाचा डॉक्टर, टांझानियापर्यंत जाऊन प्रॅक्टिस केलेला, चाळिशी ओलांडल्यावर 1969 ला सगळं सोडून फुलटाइम नाटकात उतरतो आणि लगेच पुढच्या वर्षी हात घालतो तो 'गिधाडे'सारख्या जळजळीत नाटकाला! साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तर यांनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं की हा निळा डाग लाल समजा. नियमही पाळला आणि नाटकाचा कणाही वाकू दिला नाही. मला तर हे कुठल्याही स्वगताइतकंच मोठं वाटतं.

मग 1974 ला गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. डाव्या विचारांच्या एका प्राध्यापकाची चौकशी चाललीय, माणसं बसून बोलतायत, बास. असं नाटक नुसतं वाचलं तरी दमायला होतं, ते उभं करायचं म्हणजे प्रत्येक वाक्याचा अर्थ नटांकडून काढून घ्यायचा, आणि वर प्राध्यापकाची भूमिकाही स्वतःच करायची.

सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळूभाऊ फुलेंसारख्या कलाकारांना घेऊन 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून, त्यावरही कुणी धड लिहीत नाही.

परवा एका नाट्यशिबिरात मुलांना विचारलं, लागू म्हटलं की काय आठवतं? सगळ्यांनी एकच डायलॉग म्हटला. मुलांची काय चूक, त्यांच्यापर्यंत आपण पोचवलंय तेवढंच.

16 नोव्हेंबर 2027 ला त्यांच्या जन्माला 100 वर्षं होतील. प्लीज आत्तापासूनच त्यांनी बसवलेल्या एकेका नाटकावर लिहा. ज्यांनी त्यांच्या हाताखाली तालमी केल्या त्यांना गाठून बोलतं करा, कुणाकडे जुने फोटो असतील, कुणाकडे खुणा केलेल्या संहिता असतील, ते सगळं छापा. ही मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत.

एक वाचक, पुणे