चातुर्मासातली रिकामी मंगल कार्यालये आणि पूरग्रस्तांचा निवारा

महोदय,

मान्सूनपूर्व आढावा बैठकांसाठी दरवर्षी निवारा केंद्रांची यादी तयार होते. कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या यादीत जवळपास सगळ्या शाळाच असतात. गाव, शाळा, खोल्यांची संख्या, क्षमता, मुख्याध्यापकांचा मोबाइल असे रकाने भरले की काम झाले. आमचा आक्षेप त्यातल्या 'क्षमता' या रकान्याला आहे.

जिल्हा परिषद शाळेची खोली साधारण २० बाय २५ फुटांची, म्हणजे ४६ चौरस मीटरची धरू. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांप्रमाणे निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी. म्हणजे या खोलीत १३ माणसे मावतात. यादीत मात्र तिच्यापुढे ४० लिहिलेले असते, कारण आकडा बहुधा पटसंख्येवरून उचललेला असतो. बाकावर ४० मुले बसतात हे खरे. पण ट्रंका, धान्याची पोती, गॅसची टाकी आणि आजारी म्हातारी यांच्यासह ४० माणसे तिथे आडवी होऊ शकत नाहीत. मग निम्मे लोक व्हरांड्यात झोपतात आणि दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे किंवा परत पाण्यातल्या घराच्या माडीवर जातात. बोट पाठवावी लागते ती त्यानंतर.

शौचालयांचे गणित याहून वाईट. मानक ३० माणसांमागे एक शौचालय सांगते, तेही निवाऱ्यापासून ५० मीटरच्या आत, स्त्रियांसाठी वेगळे. शाळेतल्या मुताऱ्या यात मोजायच्या नसतात, पण मोजल्या जातात. शिवाय प्राथमिक शाळेतली भांडी लहान मुलांच्या मापाची, दारांना आतून कडी नाही, आणि पाण्याची टाकी हजार लिटरची. पिण्यासाठी ३ आणि वापरासाठी १५ असे माणशी किमान १८ लिटर धरले तर १५० माणसांना दिवसाला २,७०० लिटर लागतात. स्वयंपाकाचे वेगळे.

आमची सूचना साधी आहे. यादीत पहिला क्रमांक मंगल कार्यालयांचा लावा, शाळा दुसऱ्या फळीत ठेवा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात, आणि आपला पूर नेमका जुलै-ऑगस्टमध्ये येतो. साखरपुडे, बारशी असतात, पण ती एका फोनवर पुढे ढकलता येतात. कार्यालयात भटारखाना, मोठी पातेली, सतरंज्या, न्हाणीघरे, जनरेटर आणि गाड्या लावायला पटांगण असते. वरपक्ष-वधूपक्षाच्या खोल्या ओल्या बाळंतिणींना, तान्ह्या मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना देता येतात. ६० बाय १०० फुटांचा हॉल म्हणजे सुमारे ५५७ चौरस मीटर. वाटा आणि सामानासाठी पाचवा हिस्सा सोडला तर तिथे सव्वाशे माणसे नीट राहतात.

शाळा रिकामी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. पाणी ओसरले म्हणजे घर राहण्याजोगे झाले असे नव्हे. चिखल उपसायला, भिंती वाळायला, वीजजोडणी तपासायला आणखी आठवडा जातो. नेमक्या त्याच आठवड्यात शाळा सुरू करण्याचा दबाव येतो, केंद्र बंद होते आणि माणसे ओल्या जमिनीवर झोपायला जातात.

अर्थात प्रत्येक कार्यालय चालणार नाही. नदीकाठची हवेशीर कार्यालये आणि तळघरात भोजनगृह असलेली कार्यालये आधीच बाद करा. जागा निवडताना २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांची रेषा बघायची आणि इमारतीइतकीच तिथवर जाणाऱ्या रस्त्याची उंचीही तपासायची. शौचालयाची टाकी कुठे आहे ते विचारायचे. भूजल वर आले की सेप्टिक टाकीचा निचरा थांबतो, बाहेरचे पाणी आत शिरते आणि तळमजल्यावरचे भांडे उलटे भरते. तेव्हा मैला उपसणारी गाडी बोलावूनही उपयोग नसतो, कारण रस्ता बंद असतो. म्हणून टाकी मे महिन्यातच उपसून घ्यायची.

कार्यालयाच्या मालकाशी करायच्या करारात काय हवे? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ खाली जिल्हा प्राधिकरणाला जागा अधिग्रहित करता येते आणि कलम ६६ खाली मोबदला द्यावा लागतो. पण मध्यरात्री अधिग्रहणाचा कागद घेऊन गेले की मालक कुलूप उघडतो, भटारखाना उघडत नाही. त्यापेक्षा १ जूनपूर्वी लेखी करार करावा: रोजचे भाडे, वीज मीटरचे आधीचे आणि नंतरचे वाचन, डिझेलचा हिशेब, भांड्यांची मोजदाद, मोडतोडीची भरपाई आणि बिल किती दिवसांत मिळणार. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. मागच्या पुराचे बिल रखडलेले असेल तर यंदा मालकाचा फोन लागत नाही, यात त्याची चूक काढण्यात अर्थ नाही.

किल्लीचे बघा. यादीत संपर्क मुख्याध्यापकांचा, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई स्वतः पाण्याने वेढलेल्या गावात, हे दृश्य आमच्या भागात कुणाला नवे नाही. तीन किल्ल्या करा: एक मालकाकडे, एक ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याकडे), तिसरी पोलीस पाटलाकडे. तिघांपैकी निदान एक जण पुराच्या अलीकडे राहणारा हवा.

पाणी आणि वीज एकत्रच जातात. २०१९ मध्ये कोल्हापुरात उपसा केंद्रे बुडाल्यामुळे पाण्याने वेढलेल्या शहरात नळ कोरडे होते आणि महामार्ग बंद असल्याने इंधनाचीही टंचाई झाली. तेव्हा केंद्राला 'जनरेटर आहे' एवढी नोंद पुरेशी नाही. १५ केव्हीएचा जनरेटर ताशी तीन-चार लिटर डिझेल पितो. रोज आठ तास धरले तरी पाच दिवसांना दीडशे लिटर लागते. ते केंद्रावर आधीच साठवायचे, आणि जनरेटरवर बोअरची मोटर चालते का हे कोरड्या दिवसांतच चालवून बघायचे. जिथे मोटर थ्री फेज आणि जनरेटर सिंगल फेज, तिथे दिवे लागतात, पण टाकी भरत नाही.

टँकरचे पाणी आले की १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबणे आणि मग पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट. टीसीएलची पिशवी मागच्या वर्षीची, ओल धरलेली असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो. पावडर टाकूनही टेस्टला पिवळा रंग येत नाही. अशी पिशवी दुप्पट टाकून वापरू नये, बदलावी.

आता जनावरांविषयी थोडे सविस्तर, कारण स्थलांतर अडते ते इथेच. प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत घरटी दोन-चार दुभती जनावरे आहेत. दावणीला म्हैस बांधलेली असताना घरधनी बोटीत बसत नाही, आणि त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५. माणसे हलवण्याची धावपळ बहुधा धोका पातळीला सुरू होते, तोवर गावाचा रस्ता पाण्याखाली जातो आणि जनावर बोटीत चढत नाही. म्हणून क्रम उलटा हवा: इशारा पातळीला, रस्ता चालता असतानाच, आधी जनावरे, मग म्हातारीकोतारी आणि गरोदर स्त्रिया, मग बाकीचे. म्हैस सुरक्षित जागी पोचली की मालक आपसूक तिच्यामागे येतो.

त्यासाठी केंद्राजवळ मुरमाड उंचवटा, बांबू-ताडपत्रीची शेड आणि हौद लागतो. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला ५० लिटरच्या आसपास पाणी आणि २० किलोच्या पुढे ओली वैरण धरावी. शंभर जनावरे म्हणजे रोज दोन टन वैरण. ती कोणत्या गावातून, कोणत्या वाहनाने येणार हे करारातच लिहावे. ऊस सगळीकडे दिसतो म्हणून नुसते वाढे (उसाचे शेंडे) टाकून भागत नाही, कडबा हवाच. कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक मालकाच्या नावासमोर नोंदवला की परत नेताना भांडणे होत नाहीत. माणसांच्या आणि जनावरांच्या जागेत अंतर आणि उतार ठेवायचा. शेणमूत भटारखान्याकडे वाहू लागले की केंद्रात जुलाब सुरू होतात.

लोक केंद्र सोडून परत का जातात? चोरीची भीती असते, आणि पंचनाम्यातून नाव सुटण्याचीही. पहिल्यासाठी रिकाम्या गावात पोलिसांची बोटगस्त हवी आणि ती चालू आहे हे केंद्रातल्या लोकांना रोज सांगायला हवे. दुसऱ्यासाठी केंद्रातच कुटुंबवार नोंद करून तिची एक प्रत कुटुंबप्रमुखाच्या हाती द्यावी. आधार कार्ड भिजले असेल म्हणून कुणाला दारात थांबवू नये. रेशन दुकानदार गावातले प्रत्येक घर ओळखतो, त्याला नोंदणीच्या टेबलावर बसवा. आशा सेविकेकडे गरोदर स्त्रियांची यादी असते. नववा महिना लागलेल्या बाईला केंद्रात न आणता थेट रुग्णालयाच्या गावी हलवावे. क्षयरोगाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि लेप्टोसाठी (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी) डॉक्सिसायक्लिन यांचा साठा केंद्राच्या नावाने काढलेला असावा. इन्सुलिनला थंड जागा लागते, तीही आधी ठरवावी.

मदतीचे ट्रक येतात त्यांना जुने कपडे नकोत हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. लोकांना कोरडी आतली वस्त्रे, सॅनिटरी पॅड, टॉर्च आणि दोऱ्या लागतात.

दरडीचा प्रश्न वेगळा आहे. तळिये (२०२१) किंवा इर्शाळवाडी (२०२३) येथे परत जायला गावच उरले नाही. तिथल्या कुटुंबांना कंटेनरमध्ये ठेवले गेले. असा निवारा आठवड्यांसाठी नसून महिनोन्‌महिने लागतो, आणि पावसात सोयीचा वाटलेला पत्रा मार्चमध्ये भाजून काढतो. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या तालुक्यांनी मंगल कार्यालयाच्या कराराबरोबर सावलीची, पाण्याची सोय असलेली सरकारी जमीनही आताच निवडून, तिचा सातबारा तपासून ठेवावी.

जागा परत देण्याचे कामही करारात लिहिलेले असावे. केंद्र रिकामे झाले की दोन दिवस सफाई, न्हाणीघरात चुना आणि फिनेल, सेप्टिक टाकीचा उपसा, भांड्यांची मालकासमोर मोजदाद आणि मीटरचे वाचन. त्या कागदावर मालकाची आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याची सही त्याच दिवशी व्हावी, आणि बिल चुकते करण्याची मुदत त्या सहीच्या तारखेपासून मोजली जावी.

आपले,
पूर-निवारा व्यवस्थेत काम केलेले काही निवृत्त महसूल व आरोग्य कर्मचारी,
कोल्हापूर-सांगली