सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र : पॅसेजमधील धुपाटणे आणि माझी चादर

दिनांक : 26 एप्रिल 2026

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
विजापूर रोड, सोलापूर.

विषय : सार्वजनिक पॅसेजमध्ये पेटते धुपाटणे ठेवले जात असल्याबाबत.

महोदय,

मी सदनिका क्रमांक 303 मधील सभासद असून या विषयावर आपल्याला लिहिलेले हे माझे पाचवे पत्र आहे. पहिले पत्र ऑक्टोबर 2024 मध्ये नवरात्रात दिले, दुसरे गड्ड्याची यात्रा उलगडल्यावर जानेवारी 2025 मध्ये, तिसरे त्याच वर्षी श्रावणात आणि चौथे दिवाळीनंतर. त्यांपैकी दुसऱ्या पत्राची पोच माझ्याकडे आहे. बाकीच्या तीन पत्रांचे काय झाले, हे कार्यालयातील लोखंडी कपाटालाच ठाऊक. चारही पत्रांचे फलित म्हणून सूचनाफलकावर 'सर्व सभासदांनी आगीबाबत काळजी घ्यावी' असे एक वाक्य लागले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर पाण्याच्या टँकरची सूचना टाचली गेली.

माझा विरोध उदबत्तीला नाही, धुपाला नाही आणि देवाला तर मुळीच नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमच्या देवघरात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागते. माझ्या आईने तिच्या प्रत्येक नातवंडाला शेगडीवर ओवा, शेपा आणि वावडिंग टाकून धुरी दिलेली आहे. तरीही 'देवाधर्माच्या गोष्टीत समिती कशाला पडेल', असे म्हणून सचिवांनी जिन्यातच माझी बोळवण केली, तेव्हा मला त्यांना एवढेच सांगायचे होते की देव सदनिका क्रमांक 302 च्या आत आहेत आणि निखारे मात्र बाहेर, माझ्या दारापासून चार पावलांवर आहेत.

आता घडले ते सांगतो. शुक्रवारी, 17 एप्रिल रोजी चैत्र अमावास्या होती. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास सदनिका 302 मधील सभासदांनी नेहमीप्रमाणे नारळाच्या करवंट्या गॅसवर पेटवून धुपाटण्यात घातल्या, त्यावर ऊद आणि गुग्गुळ टाकला आणि संपूर्ण मजल्याला धूप मिळावा या उदार हेतूने ते धुपाटणे दाराबाहेर, पायपुसणे आणि चपलांचे कपाट यांच्या मधोमध ठेवून ते आरतीला आत गेले. करवंटीचा निखारा तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, हे ज्याने एकदाही शेगडी पेटवली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यातच वळवाचा वारा सुटला. जिन्याच्या खिडकीला गेल्या पावसाळ्यापासून काच नाही (हाही विषय मी तोंडी कळवलेला आहे), त्यामुळे वारा थेट पॅसेजमधून गेला आणि कठड्यावर वाळत असलेल्या आमच्या चादरीवर ठिणगी पडली.

आठच्या सुमारास मला जळक्या कापसाचा वास आला. चादर दुहेरी घडी करून टाकलेली होती. वरच्या घडीला हरभऱ्याच्या डाळीएवढे भोक होते, कड तपकिरी, ज्वाळा कोठेही नाही. मी घडी उलगडली, तर आतल्या घडीला रुपयाच्या नाण्याहून मोठे भोक पडलेले होते आणि त्याची लाल कड अजून सरकत होती. मी ती बादलीत बुडवली. बादलीत पाणी होते, हा आमचा योग. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, याची आपल्याला कल्पना आहेच.

मी एकतीस वर्षे टॉवेलच्या कारखान्यात सूतगोदामावर देखरेख केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, की सूत नेहमी भडका घेऊनच पेटते असे नाही. पुष्कळदा ते आधी आतून धुमसते. गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही, वास मात्र येतो, आणि त्या वासाकडे दुर्लक्ष केले तर पुढे वारा मिळताच ज्वाळा दिसते. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला, हे सोलापुरात कोणालाही आठवून द्यावे लागत नाही. त्या आगीचा उदबत्तीशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण ज्या गावाने एवढे पाहिले, त्या गावातल्या समितीने निखारा आणि कापड एका पॅसेजमध्ये नांदू द्यावे, याचे मला नवल वाटते.

चादर सार्वजनिक कठड्यावर का वाळत होती, असा प्रश्न 302 कडून निश्चित विचारला जाईल. तो निराळा विषय आहे. त्यांच्या कुलरचे पाणी आमच्या गॅलरीत ठिबकते, हाही निराळा विषय आहे आणि तो मी या पत्रात आणणार नाही.

शेजाऱ्यांना मी प्रत्यक्ष भेटून समजावले नाही, असे कोणी म्हणू नये. मी दोनदा गेलो. धुपाटणे खाली फरशीवर नव्हे, तर वाळू घातलेल्या पसरट परातीत ठेवावे, म्हणजे उडालेली ठिणगी आणि सांडलेला निखारा परातीतच राहतो, हे मी त्यांना सांगितले. पितळ खालपर्यंत तापते, म्हणून ती परात लाकडी पाटावर किंवा सनमायकाच्या कपाटावर ठेवू नये, पडदा, तोरण, प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा आणि कुलरचा झोत यांपासून ती लांब असावी आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत घरातल्या एका तरी माणसाने तेथे थांबावे, हेही सांगितले. आरतीला सगळेच आत आणि धुपाटणे एकटे बाहेर, ही तर सर्वांत वाईट व्यवस्था. त्यावर त्यांनी चहा दिला आणि पुढच्या मंगळवारपासून धुपाटण्याच्या जोडीला एक सांब्राणी कप सुरू केला.

या सांब्राणी कपाविषयी गैरसमज फार आहे. तो विझल्यासारखा दिसतो, वर पांढरी राख जमते, धूर थांबतो आणि माणूस तो उचलून कचऱ्यात टाकतो. राखेच्या खाली विस्तव बराच वेळ जिवंत असतो, कारण ती राखच त्याला पांघरूण घालते. आमच्या मजल्यावरील प्लॅस्टिकची कचऱ्याची बादली मार्चमध्ये तळाशी वितळली, ती अशाच एका कपामुळे, असे माझे ठाम मत आहे. निखारे आणि कप पाण्यात बुडवून किंवा ओल्या वाळूत पुरून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी घंटागाडीला द्यावेत. उदबत्तीही अर्धवट विझवायची असेल तर फुंकर मारू नये, फुंकरीने विस्तव फुलतो. टोक वाळूत खुपसावे.

हे सर्व पत्नीने वाचले आणि 'तुमचे कॅलेंडरही लिहा' असे सांगितले. म्हणून प्रामाणिकपणे नमूद करतो, की 2019 मध्ये मी स्वतः देव्हाऱ्याच्या फटीत खोचलेल्या उदबत्तीने भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा करपला होता. राख काडीच्या पायाशी पडत नाही, काडी कलती असेल तर ती वीतभर पुढे पडते, हे मी त्या दिवशी शिकलो आणि तेव्हापासून आमची उदबत्ती वाळूच्या वाटीत आणि वाटी स्टीलच्या ताटात असते. फरक एवढाच, की माझे कॅलेंडर माझ्या घरात करपले.

आता मी पॅसेजमध्ये नको म्हणतो, म्हणून उद्या 302 मध्ये दारे-खिडक्या लावून निखारे पेटवले जातील, तर तेही मला नको आहे. या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो, लोक उन्हाच्या झळांना भिऊन खिडक्या बंद ठेवतात. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. खिडकी उघडी हवीच. उदबत्तीचा, धुपाचा किंवा मच्छर अगरबत्तीचा धूर सुगंधी असला तरी त्यातले बारीक कण छातीत जातातच, गुग्गुळ 'नैसर्गिक' आहे म्हणून ते कमी होत नाहीत. दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असलेल्या घरात याचा विचार व्हावा. स्वयंपाकघरात गॅसचा वास येत असेल तर त्या वेळी काडी ओढायचीच नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि तो वास घालवायला उदबत्ती लावणारी माणसे मी पाहिली आहेत.

या तक्रारीत मी एकटा नाही. पहिल्या मजल्यावरील काकूंनी 'तुम्ही लिहा, आम्ही आहोतच' असे मला स्पष्ट सांगितले आहे. सही त्या अक्कलकोटहून आल्यावर करतील. 301 मधील डॉक्टरांनी मान हलवली, ती होकारार्थी होती असे मी समजतो. दुसऱ्या मजल्यावर मी या विषयावर बोललो तेव्हा कोणीही विरोध केला नाही.

नियमांविषयी थोडेच लिहितो, कारण ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असायला हवेत. सभासदाने इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये, हे आपल्या उपविधींतच आहे. पॅसेज आणि जिना ही सुटकेची वाट असून ती मोकळी असली पाहिजे. त्यात चपलांचे कपाट बसत नाही (आमच्या तुळशीच्या दोन कुंड्या भिंतीला लागून आहेत). महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या जिन्यातील लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच बाहेर आलेला आहे आणि त्याच्या नळीत कोळ्याने जाळे केले आहे. या जानेवारीत प्रमाणपत्र कशाच्या आधारावर दिले गेले, हे कळल्यास मी आभारी राहीन.

माझी मागणी मोठी नाही. सदनिका 302 ला, सर्वांना उद्देशून नव्हे तर त्यांच्याच नावे, लेखी पत्र जावे, की धुपाटणे उंबऱ्याच्या आत, उघड्या खिडकीजवळ आणि वाळूच्या परातीत ठेवावे. परात मी स्वखर्चाने देण्यास तयार आहे; वाळूही चाळून देईन. सिलिंडर भरून घ्यावा, जिन्याच्या खिडकीला काच बसवावी आणि 101 हा अग्निशामक दलाचा क्रमांक टँकरवाल्याच्या क्रमांकाच्या वर लावावा. येत्या अमावास्येपूर्वी म्हणजे 16 मे पूर्वी उत्तर न मिळाल्यास हा विषय सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी स्वतः मांडीन आणि तेव्हा पाचही पत्रे वाचून दाखवीन, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्रमांक 303

प्रत माहितीसाठी : सदनिका क्रमांक 302

सोबत : जळालेली चादर, एक नग. पाहून झाल्यावर परत करावी, जोडीतली आहे.