सही करण्याआधी एकदा सड्यावर ये

प्रिय सलीम,

तू मस्कत कायमचं सोडून आलास हे मला नाक्यावर चहा पिताना कळावं? त्याचं भांडण भेटल्यावर. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच. भात कापून झालं.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून तुझ्या भाच्याबरोबर हे पत्र पाठवतोय. गेल्या आठवड्यात तुमच्या सड्यावर, वरच्या उघड्या कातळमाळावर, टेप घेऊन माणसं आली होती, बरोबर एक दलाल. कातळावर लाल रंगाचे फराटे मारून गेली. चिरेखाणीसाठी, बांधकामाचे चिरे कापून काढायला, जागा बघतायत. तुझा भाऊ जवळजवळ तयार झालाय. एक फराटा कातळात कोरलेल्या आपल्या पाकट माशाच्या शेपटीपासून चार पावलांवर आहे. मी वर जाऊन बघून आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घरात कोणाला सांगू? त्यांना तो नुसता कातळ.

पाकट म्हटलं की तू ‘ढाल’ म्हणणार. सातवीत त्याच वादावरून तू माझी गुरं शेतात सोडली होतीस आणि मार मी खाल्ला होता. तर ऐक, तुझी ढाल गेली! तू तिकडे असताना कातळशिल्पं शोधणारे दोघं गावात आले होते. त्यांनी भेगांतली माती ब्रशने काढली, तर शेपूट आपल्याला दिसायची त्याच्या दुप्पट लांब निघाली. पाकटच म्हणाले. शेजारी दोन मासेही निघाले, ज्यांच्यावर बसून आपण भाकरी खायचो.

आपल्याला आजीने सांगितलं होतं की पांडवांनी एका रात्रीत हे कोरलं. अभ्यासक आता या चित्रांचा काळ पार हजारो वर्षांमागच्या मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं सडे पालथे घालत फिरली तेव्हा कुठे जगाला याचा पत्ता लागला. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, खाली सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ धरून. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. तो बघताना मला सारखी तुझी आठवण येत होती. तू त्यालाही ढालच म्हणाला असतास.

आपलं पाकट त्या नऊ ठिकाणांत नाही, सलीम. कुठे पाटी नाही, कुंपण नाही. ते तिथे आहे हे तुला, मला आणि गुराख्यांना माहीत. खाणवाले आधी वरचा थर सपाट करतात, मग कटर फिरवतात. रेषा आहेत त्या वरच्याच थरात, बोट-दीड बोट खोल. पहिल्याच दिवशी जातील. पुढे कितीही अर्ज केले तरी काय उपयोग?

आणि पाणी. सड्याचा हा जांभा दगड पाऊस पितो आणि झऱ्याने सोडतो. त्या बाजूच्या सड्याखाली तुमची विहीर, आमची विहीर आणि मशिदीमागचा झरा. तिथेच मोठा खड्डा पडला तर मे महिन्यात हंडे कुठून भरायचे?

तुझ्या भावाला मी दोष देत नाही. तो मला म्हणाला, ‘कातळ खाऊ काय?’ खरं आहे त्याचं. पाऊस सरला की सड्यावर गवताखेरीज काय येतं? घराचं छप्पर त्याला करायचंय आणि इतकी वर्षं इथलं सगळं त्याने एकट्याने सांभाळलंय. म्हणून मी त्याला सांगितलं, रस्त्याकडच्या अंगाचा कातळ दे. तिथे चित्रं नाहीत, पाणी ओढ्याकडे उतरतं आणि ट्रकही सरळ पोचतो. तो गप्प राहिला. तू बोललास तर ऐकेल. जमीन सामाईक आहे, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, बहिणींची आहेत. सह्या सगळ्यांच्या लागणार. दलाल येत्या आठवड्यात कागद घेऊन रत्नागिरीला तुझ्याकडे येईल. गोड बोलेल. मस्कतचं कौतुकही करेल.

उक्षीला गावाने साथ दिली म्हणून तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती कठडा उभा राहिला. आपल्याकडेही होईल. पुरातत्त्व विभागाला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, फोटो जोडलेत. जमीनमालकांची संमती जोडली तर त्याला वजन येईल.

बाकी तुझं काय? मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला का? वहिनींना रत्नागिरी मानवली का? फ्लॅटला पाणी येतं ना? साखर तपासून घे, तिकडे बिर्याणी फार झाली असेल.

रविवारी पहिल्या एसटीने ये. अम्मींना आण. सांदणं करून आणली तर आई गुडघा विसरून दारापर्यंत येईल. भावालाही थांबवून ठेवतो. तिघं वर जाऊ आणि कुठपासून कुठपर्यंत द्यायचं ते आपल्याच टेपने मापू. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस. दलालाने पेन पुढे केलं तरी नाही.

तुझा,
दत्ता