रात्रीचा भात

बेळगाव, रविवार

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "आता बरी आहे, पेज घेतली" म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हणून ठेवला. आजी शेजारीच होती. परतलेला भात खाऊन तुला उलट्या झाल्या, सलाईन लावावं लागलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणून लिहितोय.

रात्रीचा भात सकाळी परतायचा, हे तुला मीच शिकवलं. आई दवाखान्यात होती ते दोन महिने तुझ्या डब्यात दुसरं काही नसायचंच. पातेलं रात्रभर ओट्यावर झाकलेलं, सकाळी शेंगतेलात कांदा-मिरची. तेव्हा कधी बाधलं नाही, म्हणून त्यात वावगं काही वाटलं नाही. परवा मुद्दाम जाऊन आपल्या डॉक्टरांना विचारलं. तांदळात एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात, विष सोडतात, आणि ते विष मग कितीही परतलं तरी जात नाही. म्हणजे तू सकाळी कढई चांगली तापवलीस ते बरोबरच होतं, बाळ. चूक आदल्या रात्रीची.

भात झाला की परातीत पसर. वाफ गेली की डब्यात भरून तासाभराच्या आत फ्रिजात. दुसऱ्या दिवशी संपव, गरम एकदाच कर. फ्राईड राईसला असा गार, सुटा भातच लागतो. गरम घातलास की लगदा होतो.

परवा मीच करून बघितला. अंडं नाही, तूप नाही, तुझ्या पद्धतीचा. येळ्ळूरच्या शिवारातला बासमती, आदल्या दिवशीचा, फ्रिजातला. भाताइतक्याच भाज्या: बिनीस, गाजर, कोबी, ढबू मिरची, सगळं बारीक चिरून. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, आलं-लसूण, आधी बिनीस-गाजर, कोबी नंतर. एकदम सगळं घातलं की पाणी सुटतं आणि भाज्या परतायच्या ऐवजी शिजतात. टोफूऐवजी वाफवलेले मोडाचे मूग घातले. सोया सॉस एकच चमचा, त्यात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ चव बघून. कांद्याची पात गॅस बंद केल्यावर. आजीनं दोनदा घेतला. तूप का नाही, असं तिनं विचारलंसुद्धा नाही.

गणपतीत तू दह्याची वाटी बाजूला सारलीस तेव्हा मी बोललो ते बोलायला नको होतं. तुझी फी दुधाच्या पैशानं भरली, तेच डोक्यात होतं. तू उलटून बोलली नाहीस. तू गेल्यावर गोठ्यात मला आठवलं, सहा वर्षांची होतीस. मी धार काढत होतो, रेडकू दाव्याला ओढ देत होतं, आणि तू गुपचूप गाठ सोडलीस. रेडकू धावत आईला लुचायला लागलं. त्या दिवशी डेअरीला निम्मंच दूध गेलं. मी तुझ्यावर ओरडलो, तुझी आई दारात उभी राहून हसत होती. तुझं आजचं काही कालपरवा कुणी डोक्यात भरवलेलं नाही, एवढं मला कळायला वीस वर्षं लागली.

बी बाराची गोळी चालू ठेव, झाडपाल्यात ते नसतं. नको, परत सुरू झालो मी. माफ कर. एकटीच्या खोलीत रात्रभर उलट्या झाल्या आणि घरी फोन केला नाहीस, ते मला झोपू देत नाही. रात्री दोन वाजता केलास तरी मी उचलेन.

शुक्रवारी मामा बेंगलोरला येतोय, त्याच्याबरोबर पाच किलो बासमती आणि शेंगतेलाचा डबा देतो. झाकणाचे दोन स्टीलचे डबेही आहेत, भातासाठीच. तुमच्या फ्रिजात तेवढी जागा आहे ना? नसेल तर भात रोज ताजा लाव, मूठभरच का होईना. कळव.

तुझा,
बाबा