वहिनीच्या बाळंतपणाआधी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनी माहेरी न जाता दांडिया बाजारातल्या आपल्याच घरी बाळंतपणाला राहणार, हे कळल्यापासून तुम्हाला सविस्तर लिहायचे मनात होते. बाबा, माझा विषय कोणी विचारला की तुम्ही 'मेंदूतली संप्रेरके', म्हणजे हार्मोन्स, असे अभिमानाने सांगता. तो विषय मी का धरला, ते आज सांगते.

आई, धाकट्याच्या जन्मानंतर तू कित्येक महिने कोणाशी फारशी बोलत नव्हतीस. भेटायला येणाऱ्या बायका दृष्ट काढायच्या, नाहीतर 'एवढे गोजिरे बाळ असताना रडायचे कशाला' असे म्हणायच्या. तुझा स्वभाव तसा नाही, हे मला त्या वयातही कळत होते. पुढे बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकताना वाढ, पाळी, रक्तातील साखर अशा सगळ्यांची संप्रेरके अभ्यासक्रमात होती, पण मनाचा उल्लेख कुठे सापडेना. मग अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवन यांचे १९६८ सालचे काम वाचले. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे, ताणाशी निगडित असलेले संप्रेरक उंदराच्या मेंदूतील हिपोकॅम्पसमध्ये जाऊन बसते, असे त्यांनी दाखवले होते. स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागापर्यंत ग्रंथींचा निरोप थेट पोहोचतो, हे वाचल्यावर मला दुसरा विषय घ्यावासाच वाटला नाही.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कितीतरी पटींनी वाढते. त्यापासून अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते मेंदूतील 'गाबा' या शांतवणाऱ्या यंत्रणेला बळ देते. बाळंतपणात वार पडल्यावर थोड्याच दिवसांत ही दोन्ही द्रव्ये झपाट्याने उतरतात. ही घसरण प्रत्येकच बाळंतिणीत होते, मग आजारी काहीच जणी का पडतात? अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ स्त्रियांना आधी गरोदरपणासारखी संप्रेरके देऊन नंतर ती एकदम थांबवली. ज्या ८ जणींना पूर्वी बाळंतपणानंतरचे नैराश्य आले होते, त्यांतील ५ जणींचे मन पुन्हा खचले. उरलेल्या ८ जणींपैकी एकीलाही तसा त्रास झाला नाही. स्त्रिया मोजक्याच होत्या, तरी मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण संप्रेरकांचा तोच उतार काही जणींच्या मेंदूला अधिक झोंबतो, हे त्यात स्पष्ट दिसते. आई, तुझे मन दुबळे नव्हते, आणि बाळावरची तुझी मायाही तसूभर कमी नव्हती.

आता या आजारावर खास औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये शिरेतून द्यायच्या आणि २०२३ मध्ये तोंडाने घ्यायच्या औषधाला मान्यता मिळाली. ती आपल्याकडे सहज मिळोत वा न मिळोत, समुपदेशन आणि नेहमीची नैराश्याची औषधे यांनीही पुष्कळ जणी बऱ्या होतात.

म्हणून एक विनंती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळे होऊ दे, पण वहिनीला रात्रीची सलग झोप मिळावी म्हणून दादाने आणि तुम्ही पाळ्या लावून बाळाकडे पाहावे. पहिल्या आठवड्यात ती कारण नसताना रडली तर घाबरू नका, बहुतेकींना तसे होते. मात्र दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जीव नकोसा झाला किंवा बाळाला इजा होईल असे ती बोलली, तर त्याच दिवशी न्या आणि तोवर तिला एकटी सोडू नका. भेटायला येणाऱ्यांना काय सांगायचे ते, बाबा, तुम्ही ठरवा. तुमचा शब्द सगळे मानतात.

तुमची,
लेक