छडी खाली ठेवल्यानंतर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही, "इतकी वर्षे वाद्यवृंद चालवलास आणि आता टीव्हीवाल्यांच्या अंधाऱ्या खोलीत बटणे दाबतोस?" असे विचारलेत, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही; म्हणून हे पत्र.

बटणे दाबणारा माणूस वेगळा असतो; मैफलीच्या प्रक्षेपणात कोणता कॅमेरा कधी पडद्यावर यावा, हे मी सांगतो. माझ्यापुढे स्वरलेखनाची तीच जाड वही असते, फक्त समासात आता तांबड्या पेन्सिलीने कॅमेऱ्यांचे आकडे लिहिलेले असतात, आणि आपल्या आवर्तनांसारखे जे बार असतात ते शेजारची सहायक मोठ्याने मोजत असते. ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा एकल तुकडा सुरू झाल्यावर कॅमेरा तिकडे वळवला तर उशीर झालाच म्हणून समजा. वादक श्वास भरून घेतो, तेव्हाच तो पडद्यावर दिसायला हवा. भजनात सम येण्याआधीच तुमचा हात डग्ग्यावर उचललेला असतो, तसेच हे. पहिल्याच थेट प्रक्षेपणात मी चार बार आधीच हॉर्नवाल्याला पडद्यावर आणले, आणि तो बिचारा वाद्य उलटे करून आत साचलेले पाणी झटकत होता. आई, तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही.

या वाटेने जाणारा मी काही पहिला नव्हे. तीन दशकांहून अधिक काळ बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक राहिलेल्या हर्बर्ट फॉन कारायान यांनी 1982 मध्ये आपल्या मैफलींच्या चित्रणासाठी स्वतःची कंपनी काढली. डोळे मिटून वाद्यवृंद चालवणारा हा माणूस कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र भलताच जागा असे. त्यांच्या चित्रफितींत वादकांपेक्षा त्यांचाच चेहरा अधिक दिसतो, हे मला पटत नाही. आणि आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीत गेले, म्हणून त्यांची पेटी काही सुटली नाही.

उणीव एकच भासते. छडी उचलली की साठ-सत्तर माणसांचा श्वास क्षणभर थांबायचा, तो काचेआडून जाणवत नाही. पगार वेळेवर होतो, त्याची काळजी नसावी.

दसऱ्याला येतो. आई, तू दिलेला कुंदा कॅमेरावाल्यांनी दुपारच्या चहाआधीच संपवला. या खेपेस दोन डबे लागतील.

तुमचा,
बाळू