मशीन रेस होतं, पण होडी हलत नाही : ९.९ अश्वशक्तीच्या आउटबोर्ड मशीनबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
आउटबोर्ड मशीन विभाग

दिनांक : २ डिसेंबर

विषय : वॉरंटीतील मशीनचा पंखा (प्रॉपेलर) बदलून मिळणे व अकारण घेतलेली मजुरी परत मिळणे

महोदय,

मी देवबागचा (ता. मालवण) मच्छीमार. बावीस फुटी फायबरच्या होडीवर कांडाळी जाळी मारून घर चालवतो. पावसाळी बंदी उठल्यावर ५ ऑगस्टला तुमचं होडीच्या मागच्या फळीवर बसवायचं ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन तुमच्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं. पहिली सर्व्हिसिंग वेळेवर केली. लिटरमागे वीस मिली तेल मोजून घालतो, किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्यात मशीन चालवून धुतो. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या उत्तरात सगळा दोष माझ्या हाताळणीवर टाकला आहे.

१९ ऑक्टोबरला पहाटे मी आणि माझा पुतण्या जाळी ओढून परत येत होतो. कर्ली नदीच्या मुखाशी सुकती, म्हणजे ओहोटीचा ओढा, जोरात होती. तिथे रेतीचा भाट आहे, त्याच्या कडेला लाट फुटते आणि मधल्या अरुंद वाटेने होडी जोरात काढावी लागते. मी जोर वाढवायची मूठ पूर्ण फिरवली. मशीन एकदम किंचाळलं आणि होडी जागच्या जागी राहिली. मूठ कमी केली की हळूहळू पुढे जायची, जोर दिला की पुन्हा तेच. हळू चालून सुकती कापली जात नाही. पाणी आम्हाला आडवं करून फुटत्या लाटेकडे नेत होतं. पुतण्याने नांगर टाकला, तो रेतीत दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा धरला. मी वल्हं घेऊन नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे वळवून ठेवली. पाऊण तासाने गाववाल्यांच्या होडीने दोर टाकून आम्हाला आत आणलं. पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या आईला त्या दिवशी काय सांगायचं, याचा विचार करत मी घरापर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत घालून तुमच्या सेवा केंद्रात नेलं. लक्षण स्पष्ट सांगितलं : कमी जोरात चालतं, जास्त जोरात रेस होतं, म्हणजे नुसतंच वेगाने फिरतं, होडी हलत नाही. त्यांनी दोन्ही प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला आणि पाण्याच्या पिंपात चालवून दाखवलं. पिंपात मशीनला भरलेली होडी ढकलायची नसते, पंख्यावर खरा भार येत नाही. तिथे ते चालणारच होतं. पाण्यात उतरल्यावर पुन्हा तोच प्रकार. दुसऱ्या खेपेला गिअरची पेटी उघडली. तेल स्वच्छ निघालं, पाणी शिरून दुधाळ झालेलं नव्हतं, त्यात लोखंडाचा कीसही नव्हता. गिअरचे दात शाबूत होते. मग म्हणाले, होडीची मागची फळी उंच आहे, पंखा हवा खातो, फळी कापून घ्या. माझी फळी पंधरा इंचांची, मशीनही त्याच मापाचं, आणि पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा इंचभर खाली राहते. याच फळीवर मशीन अडीच महिने व्यवस्थित चाललं होतं. फळी मी कापली नाही.

दोन्ही खेपांना पंख्याच्या आत कोणीही पाहिलं नाही. शेवटी मीच पाहिलं. नट आणि वॉशर काढून पंख्याच्या आतल्या पितळी नळीपासून रबरावरून बाहेरच्या भागापर्यंत मुलीच्या नखपॉलिशने एक सरळ रेघ ओढली. पुन्हा सगळं बसवून खाडीत पाच मिनिटं पूर्ण जोरात चालवलं आणि उघडून पाहिलं. आतली रेघ एकीकडे, बाहेरची दुसरीकडे. म्हणजे आतली नळी दांड्याबरोबर फिरते, पण नळी आणि पाती जोडणाऱ्या रबराची, म्हणजे बुशची, पकड सुटल्यामुळे पाती मागे राहतात. खात्रीसाठी भावाच्या तशाच मशीनचा पंखा माझ्या मशीनला लावला. भरलेली होडी पूर्ण जोरात नीट चालली. माझा पंखा त्याच्या मशीनला लावला, तर त्याचं मशीन रेस झालं. यापेक्षा सरळ पुरावा कुठला हवा?

हे कळवल्यावर तुमचं लेखी उत्तर आलं की पंखा खडकावर आपटल्यामुळे बुश सुटला, म्हणून वॉरंटी लागू नाही. शिवाय वापर व्यावसायिक आहे. पंखा आपटला तर धक्का झेलून गिअर वाचवणं हे त्या रबराचं काम आहे, हे मला मान्य आहे. पण आपटल्याची खूण कुठे आहे? तिन्ही पात्यांच्या कडा कोऱ्या आहेत, खालच्या पात्याचा रंगसुद्धा उडालेला नाही. शंभर तासही न चाललेल्या मशीनचा बुश आपटल्याशिवाय सुटला, तर तो बसवतानाच सैल होता असंच मी समजणार. व्यावसायिक वापराचं म्हणाल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७) पाहावं. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरली जात नाही. माझ्याकडे एकच होडी आहे आणि ती मीच चालवतो.

मी नवीन मशीन मागत नाही. मशीन चांगलं आहे, पहिल्या ओढीत सुरू होतं. मला नवीन पंखा विनामूल्य मिळावा आणि प्लग, कार्ब्युरेटर व गिअर पेटीच्या कामाचे घेतलेले ४,३५० रुपये परत मिळावेत. टेम्पोचं भाडं आणि बुडालेले अकरा दिवस मी यात धरलेले नाहीत.

आणखी एक मागणी आहे, ती माझ्यापुरती नाही. लहान मशीनला पंख्यात पिन असते, ती तुटली तर समुद्रातच दहा मिनिटांत बदलता येते. या मशीनला तशी पिन नाही. बुश सुटला तर दुसरा पंखाच लागतो, हे विकताना कोणी सांगत नाही. ते सांगावं. सेवा केंद्रांनाही लेखी कळवावं की मशीन रेस होऊन होडी हलत नसेल, तर प्लग काढण्याआधी पंख्यावर रेघ मारून पाहा. आमच्या किनाऱ्यावर अशी मशीनं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक खाडीला मुख आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत खरेदीचं बिल, सेवा केंद्राच्या दोन्ही पावत्या आणि रेघेचे आधीचे-नंतरचे फोटो जोडले आहेत. पंखा मी जपून ठेवला आहे. तुमच्या माणसाने येऊन पाहावा. भरतीची वेळ मी आदल्या दिवशी कळवीन.

आपला,
एक मच्छीमार ग्राहक
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग